ऑपरेशननंतरच्या दुखण्याचा फॉर्म भरवशाचा आहे का, कसं तपासायचं

आकडेमोड नंतर. आधी फॉर्म घेऊन काही पेशंटजवळ बसा आणि प्रत्येक प्रश्नातून त्यांना काय कळलं ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लावा. ‘24 तासांत किती दुखलं, 0 ते 10’ हे साधं वाटतं, पण एक जण पडून असतानाचं सांगतो अन् दुसरा खोकताना टाक्यांपाशी उठणारी कळ, म्हणून हे दोन प्रश्न वेगळेच ठेवा.

मग क्रोनबाख अल्फा (फॉर्ममधले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) काढा, 0.70 च्या वर आला की बहुतेकदा चालतं, पण 0.95 च्या वर गेला तर लगेच खूश होऊ नका, एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारलेली असू शकते.

खरी गोची टेस्ट-रिटेस्टची, म्हणजे तोच फॉर्म त्याच माणसाकडून परत भरून घेऊन उत्तरं जुळतात का ते पाहण्याची. आठवड्याने परत विचारलं तर तोवर माणूसच बरा झालेला असतो आणि बोल मात्र फॉर्मला लागतो, त्यामुळे थोड्या तासांच्या अंतराने, मधे गोळी-इंजेक्शन दिलेलं नसतानाच विचारा.

फॉर्ममधल्या ‘उपचारांवर समाधानी आहात का’ या प्रश्नाला तर फारच जपून, रात्रभर कण्हलेला माणूसही समोर नर्स उभी असली की ‘छान काळजी घेतली’ म्हणतो, सगळे स्कोअर वरच्या टोकाला जाऊन बसतात! फॉर्म उपचार करणाऱ्यांनी भरून घेऊच नये.