वाफेवर चालणाऱ्या छोट्या मॉडेल बोटीचे इंजिन : वंगण आणि सीलिंगमधील या चुका टाळा

बोटीचे इंजिन अडखळू लागले की संशय प्रथम बर्नरवर घेतला जातो, पण पुष्कळदा खरा दोष तेलात असतो. मोटारसायकलचे इंजिन ऑइल सिलिंडरमध्ये मुळीच वापरू नये. त्यातील डिटर्जंटमुळे तेल पाण्यात मिसळते, पांढरट लगदा तयार होतो आणि धातूवर वंगणाचा थर टिकत नाही. येथे ४६० किंवा ६८० ग्रेडचे जाड स्टीम सिलिंडर ऑइलच हवे. बेअरिंगना मात्र साधे मशीन ऑइल पुरते.

ल्युब्रिकेटरमध्ये (वाफेच्या नळीला जोडलेल्या तेलाच्या छोट्या डबीत) वाफेचे पाणी होऊन ते तळाशी बसते व तेवढेच तेल वर ढकलले जाऊन वाफेच्या नळीत शिरते. म्हणून प्रत्येक फेरीनंतर, दाब पूर्ण उतरल्यावर, आधी खालचे पाणी काढावे आणि मगच तेल भरावे. पाण्यावरच तेल ओतले, तर जेमतेम काही थेंब मावतात आणि पुढच्या फेरीत इंजिन कोरडे पडते. तेल पोहोचते की नाही हे पाहण्यासाठी एक्झॉस्टसमोर पकडीने कोरा कागद धरावा. त्यावर तेलाचे बारीक ठिपके न उमटता नुसते पाणी दिसले, तर इंजिन ताबडतोब थांबवावे.

ग्लँडमधून (पिस्टन रॉड सिलिंडरबाहेर येतो तिथल्या, पॅकिंग भरलेल्या सीलमधून) किंचित वाफ आली की पाना घेऊन नट आवळण्याची घाई होते, आणि माझ्या मते सर्वाधिक नुकसान याच चुकीने होते, कारण जादा आवळलेले पॅकिंग पिस्टन रॉडवर चरे पाडते व त्यानंतर गळती कायमची होते. स्टीम ऑइलमध्ये भिजवलेली ग्राफाइटची दोरी गुंडाळून नट बोटांनीच बसवावा. फ्लायव्हील हाताने सहज फिरले पाहिजे.

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर ओ-रिंग (सीलसाठीची गोल रबरी कडी) घेताना नुसत्या मापावर थांबू नये. ३ बार गेज दाबाला वाफ सुमारे १४४ अंश सेल्सिअस असते. त्या उष्णतेत नायट्रिलची रिंग कडक होऊन तडकते. ही उष्णता सोसणारी व्हायटॉन रबराची रिंगही नायट्रिलसारखी काळ्या रंगात मिळते, तेव्हा नाव सांगूनच मागावी.

मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, ओले सिलिंडर तसेच ठेवल्यास स्टीलचा रॉड लवकर गंजतो. इंजिन कोमट असतानाच वाफेच्या नळीच्या तोंडातून तेलाचे दोन-चार थेंब सोडून ते हाताने फिरवावे, बाहेर येणारे पाणी टिपावे आणि मगच बोट कपाटात ठेवावी.