चित्रपुस्तकावरून चित्रकलेचा तास: या चुका टाळा

गोष्ट वाचून झाली की पुस्तक फळ्याला टेकवून ठेवायचं आणि म्हणायचं, "यातलं आवडेल ते काढा." मीही बरीच वर्षं हेच केलं. चाळीस वह्यांत चाळीस सारखेच सुरवंट यायचे, आणि खोडून खोडून कागदाला भोकं. समोर छापील चित्र असलं की मुलं आपली रेघ त्याच्याशी ताडून बघतात, मग "बाई, मला नाही येत, तुम्हीच काढून द्या" सुरू होतं. कागद वाटायच्या आधी पुस्तक मिटा.

चित्रात काय आहे एवढंच विचारून थांबू नका, ते केलंय कसं हे विचारा. एरिक कार्ल यांच्या १९६९ सालच्या 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' या चित्रपुस्तकातला सुरवंट थेट ब्रशने रंगवलेला नाही. त्यांनी आधी पातळ कागद रंगवले, मग ते कापून चिकटवले. वर्गात हे पांढऱ्या पतंगी कागदावर छान जमतं. रंगीत घेऊ नका, ओला झाला की त्याचा रंग सुटतो. कागद फाटत असेल तर ब्रशवर पाणी जास्त आहे. चिकटवताना सुरकुत्या पडत असतील तर फेव्हिकॉल थोडा पातळ करून ब्रशने लावा. आणि एकाच तासात सगळं उरकू नका: आज रंगवा, कापणं पुढच्या तासाला. ओल्या कागदाला कात्री लावली की मूल रडकुंडीला येतं.

पुस्तक अख्खं वाचायचा हट्टही नको. पस्तीस मिनिटांतली पंचवीस त्यातच जातात. एकच पान निवडा आणि ते घेऊन शेवटच्या बाकापर्यंत फिरा.

"घर काढा" म्हटलं की दोन डोंगर, मधून सूर्य आणि लाल कौलं ठरलेली. पुण्यातल्या किती मुलांच्या घराला आता कौलं आहेत? म्हणून मी माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' घेते. लेखन त्यांचंच, चित्रंही त्यांचीच. पण नंतर "राधाचं घर काढा" म्हणत नाही. विचारते, "तुझ्या खिडकीतून काय दिसतं?" पर्वतीच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका मुलीने मागे टेकडी काढली होती, अगदी लहानशी. पुढे अर्धा कागदभर गच्चीवरची काळी टाकी, आणि टाकीच्या झाकणावर आजीने वाळत घातलेली चिंच.