मानसशास्त्राचा धडा स्वतःच्या अनुभवाशी कसा जोडावा

मानसशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला कधी ना कधी चिंतनपर लेखन करावेच लागते. वर्गात शिकलेली एखादी संकल्पना घ्यायची, आपल्या आयुष्यातला एखादा प्रसंग घ्यायचा आणि दोहोंचा संबंध दाखवायचा, एवढेच काम असते. ऐकायला ते सोपे वाटते, आणि त्यामुळेच ते बहुधा घाईने उरकले जाते. पहिल्या सत्रात मीही तसेच केले. वर व्याख्या लिहायची, खाली तिला साजेसा प्रसंग आठवून मांडायचा आणि शेवटी दोन्ही जुळल्याचे समाधान मानायचे, अशी माझी रीत होती. ती रीत चुकीची का आहे, हे मला स्मरणशक्तीवरचा धडा शिकताना कळले. तेव्हापासून मी एक क्रम कटाक्षाने पाळते: आधी प्रसंग पूर्ण लिहायचा आणि मगच संकल्पनेचे पान उघडायचे.

प्रसंग निवडताना तो लहान घ्यावा. ‘माझे बालपण’ किंवा ‘आमच्या घरातील वातावरण’ हा प्रसंग होत नाही. तो अनेक वर्षांचा गोळा केलेला निष्कर्ष असतो. एका दिवसात, किंबहुना काही मिनिटांत घडून गेलेली गोष्ट घ्यावी. पहिल्या बैठकीत आपण काय पाहिले, काय ऐकले, कोण काय बोलले आणि शरीराला काय जाणवले, एवढेच लिहावे. नंतर प्रत्येक वाक्यासमोर समासात खूण करावी: हे मला स्वतःला आठवते, हे मला कोणीतरी सांगितले आहे, की हे मी धरून चालले आहे. हे काम कंटाळवाणे आहे, पण संपूर्ण लेखनाचा पाया इथेच पडतो. म्हणून त्याला वेळ द्यावा.

या क्रमाचा आग्रह धरण्यामागे ठोस कारण आहे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघातांच्या चित्रफिती दाखवून वेगाचा अंदाज विचारला होता. प्रश्नात गाड्या एकमेकींवर ‘जोरात आदळल्या’ अशा अर्थाचे क्रियापद वापरले, तेव्हा सरासरी उत्तर ताशी सुमारे ४१ मैल आले. केवळ ‘धडकल्या’ अशा अर्थाचे सौम्य क्रियापद वापरले, तेव्हा ते ३४ मैल आले. त्यांच्या दुसऱ्या प्रयोगात, आठवड्यानंतर फुटलेल्या काचेविषयी विचारले असता तीव्र शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांनी काच पाहिल्याचे सांगितले, तर सौम्य शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी ७ जणांनी. चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती. एका क्रियापदाने इतका फरक पडत असेल, तर ‘आघात’, ‘अभिसंधान’, ‘संरक्षक यंत्रणा’ असे भारदस्त शब्द डोक्यात घोळत असताना आपण आठवायला बसलो की आठवण त्या शब्दांच्या साच्यात ओतली जाण्याची शक्यता उघड आहे.

माझे उदाहरण देते. शाळेतल्या एका कार्यक्रमात कविता म्हणताना दुसऱ्या कडव्यापाशी मी अडखळले आणि पुढची ओळ काही केल्या सुचेना. त्यानंतर कित्येक वर्षे मी मंचावर जाण्याचे टाळले. अभिजात अभिसंधान, म्हणजे एखादी साधी गोष्ट तीव्र अनुभवाशी जोडली गेल्याने पुढे नुसत्या तिनेच तसा प्रतिसाद जागा होणे, हे शिकल्यावर मी लगेच लिहून टाकले की मंच हा मुळात तटस्थ उद्दीपक (स्वतःहून असा प्रतिसाद न जागवणारी गोष्ट) होता, सभागृहातल्या हशामुळे मला लाज वाटली आणि पुढे नुसत्या मंचानेच तो प्रतिसाद जागा होऊ लागला. मांडणी नेटकी होती. पुढे तोच प्रसंग वरील पद्धतीने पुन्हा लिहिला, तेव्हा ‘सगळे हसले’ या वाक्यासमोर कोणती खूण करावी, ते मला ठरवता येईना. हसणारा एकही चेहरा मला आठवत नव्हता. त्या दिवशी तिसऱ्या रांगेत बसलेल्या मैत्रिणीला मी विचारले. तिच्या म्हणण्याप्रमाणे कोणीही हसले नव्हते. बाईंनी खालून पुढची ओळ सांगितली आणि मी कविता पूर्ण करून उतरले. कविता पूर्ण केल्याचे मला मुळीच आठवत नाही. अर्थात मैत्रिणीची आठवण हीदेखील आठवणच आहे, त्यामुळे तिला अंतिम पुरावा मानण्याचे कारण नाही.

तरीही या विसंगतीमुळे लेखन पुढे सरकले. भीती कशी निर्माण झाली हे सांगता येत नसले, तरी ती इतकी वर्षे का टिकली, याचे उत्तर माझ्या नोंदींत होते. दरवेळी काही कारण सांगून मी नाव मागे घेत असे आणि त्या क्षणी छातीतली धडधड थांबत असे. टाळण्याने अस्वस्थता कमी होते आणि म्हणून टाळण्याचीच सवय पक्की होते. याला ऋण प्रबलन म्हणतात. भीती अभिजात अभिसंधानाने जडते आणि टाळाटाळीच्या प्रबलनाने टिकून राहते, अशी दोन टप्प्यांची मांडणी होबार्ट मोरर यांनी १९४७ मध्ये केली होती. ऋण प्रबलन आणि शिक्षा यांची गल्लत विद्यार्थी हमखास करतात. वर्तन वाढले की घटले, एवढे तपासले तरी ती टळते. माझे टाळणे वाढले होते, म्हणजे ते प्रबलन होते.

संकल्पना लावताना तिच्या अटी एकेक करून तपासाव्यात, आणि प्रसंगातला कोणता भाग तिच्यात बसत नाही, हे किमान एका परिच्छेदात लिहावे. ‘हे अगदी माझेच वर्णन आहे’ असे वाटले की अधिक सावध व्हावे. बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्वाचे वर्णन दिले आणि ते स्वतःला किती लागू पडते, हे ० ते ५ या श्रेणीवर विचारले, सरासरी ४.२६ आली. प्रत्येकाच्या हातातले वर्णन एकच होते आणि त्यातली वाक्ये मुख्यतः राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती.

आजारांच्या प्रकरणात ही सावधगिरी दुप्पट हवी. लक्षणांची यादी वाचताना ती आपल्यात दिसू लागणे अगदी स्वाभाविक आहे, पण निदान यादीपुरते नसते. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन पुस्तिकेनुसार तीव्र नैराश्याच्या निदानासाठी ९ पैकी किमान ५ लक्षणे दोन आठवड्यांच्या एकाच कालावधीत असावी लागतात, त्यांत खिन्न मनःस्थिती किंवा कशातही रस न वाटणे यांपैकी एक असावेच लागते, शिवाय त्यामुळे लक्षणीय त्रास होत असावा किंवा दैनंदिन जीवन विस्कळीत झालेले असावे लागते. स्वतःला किंवा घरातल्या माणसांना लेखनात असे निदान चिकटवू नये. खरोखरच त्रास होत असेल, तर वहीवर विसंबून न राहता तज्ज्ञाला भेटावे. इतरांविषयी लिहिताना नाव आणि ओळख पटेल असा तपशील वगळावा, हे सांगायला नकोच.

वेदनादायक प्रसंग निवडण्याची सक्ती स्वतःवर करू नये. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ च्या अभ्यासात सहभागींनी सलग चार दिवस रोज १५ मिनिटे क्लेशकारक अनुभवांवर लिहिले. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या आरोग्यकेंद्रातल्या फेऱ्या पुढील महिन्यांत तुलनेने कमी झाल्या, परंतु लिहून झाल्याबरोबर त्यांना अधिक उदास वाटत होते. म्हणून परीक्षेच्या किंवा निजण्याच्या तोंडावर असे लेखन करू नये, आणि मन भरून आले तर अर्धे पान तसेच सोडून उठावे. गुणांसाठी द्यायच्या लेखनात तर तुलनेने निवळलेला प्रसंगच घ्यावा.

पहिला खर्डा झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी, जुने पान न पाहता, तोच प्रसंग पुन्हा लिहून काढावा आणि दोन्ही पाने शेजारी ठेवावीत. जुनी ओळ खोडू नये. प्रत्येक पानावर तारीख घालावी आणि दुरुस्ती निराळ्या शाईने करावी. माझ्या वहीत ‘सगळे हसले’ ही ओळ अजून तशीच आहे. तिच्यासमोर हिरव्या शाईत लिहिले आहे: तिसऱ्या रांगेत हसू ऐकू आले नव्हते, मला मात्र ते आजही ऐकू येते.