स्वप्नाळू नायिका, व्यवहारी स्थळ : मंद आचेवरची रिजन्सी प्रेमकथा कशी लिहावी

रिजन्सी काळातल्या इंग्लंडातले झगे, बग्ग्या, चहाची भांडी यांच्याबद्दल तुमचं वाचून झालंय असं धरते. झालं नसेल तर आधी ते उरका. इथे फक्त कृती आहे, किराणा तुमचा.

‘मंद आच’, म्हणजे हळूहळू शिजत जाणारं प्रेम. पण त्यासाठी चुंबन शेवटच्या प्रकरणात ढकललं की झालं, असा एक सल्ला सगळीकडे फिरतो. त्यापायी मी दोन कथा वाया घालवल्या. गॅस बंद ठेवून भात शिजत नाही.

१. वर्ष ठरवा

‘रिजन्सी काळात’ ही तारीख नव्हे. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज आजारी आणि कारभार युवराजाकडे, अशी १८११ ते १८२० ही नऊ वर्षं. त्यातलं एक निवडा. मी बहुतेक वेळा १८१६ घेते. एप्रिल १८१५मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. थंडी, पाऊस, कुजलेली पिकं, महाग पाव. व्यवहारी नायकाला आयतं काम मिळतं. फक्त या पावसाचं कारण तेव्हा इंग्लंडात कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून पात्रांच्या तोंडून ज्वालामुखी वदवू नका.

इकडे तेव्हा पेशवाईचे शेवटचे दिवस चालले होते. नायिकेच्या खांद्यावर काश्मिरी शाल टाकलीत तेवढा भारत पुरे. मी एकदा कंपनी सरकारच्या नोकरीतून परतलेला एक काका घातला होता. त्याने तीन प्रकरणं खाल्ली.

२. दोघांना उद्योग द्या

तिला कादंबऱ्या, त्याला शेती. तो गहू, सलगम, बार्ली, क्लोव्हर (एक चारापीक) अशा फेरपालटावर मनापासून बोलतो. वाचक हसले तर हसू द्या.

३. अडथळे कायद्याकडून घ्या

पडद्याआडून अर्धवट ऐकलेलं बोलणं, हरवलेली चिठ्ठी, खोटी चुलतबहीण, हे सगळं फेकून द्या. खरे अडथळे भरपूर आहेत. लग्नाचं वचन देऊन मोडणाऱ्या पुरुषावर नुकसानभरपाईचा दावा लागे. त्यामुळे व्यवहारी माणूस खात्री होईपर्यंत तोंड उघडणार नाही, हे आपोआप पटतं. वाङ्निश्चय झाल्याशिवाय तरुण-तरुणींनी एकमेकांना पत्रं लिहिणं शिष्टसंमत नव्हतं. टपालाचे पैसे बहुतेक वेळा पत्र घेणाराच भरी, तेही अंतर आणि कागदांच्या संख्येप्रमाणे. म्हणून लोक भरलेला कागद आडवा फिरवून त्याच ओळींवरून पुन्हा लिहीत. प्रेमपत्र हवंच असेल तर आधी या सगळ्यातून वाट काढा.

४. मधला भाग

इथे मी अडकले होते, म्हणून इथे जरा थांबते.

पहिल्या खर्ड्यात माझा नायक थॉर्न गप्प राहून नायिकेची, क्लारा ग्रेची, कामं करत सुटला. छप्पर शाकारलं, घोडा दिला, आजारी भावासाठी डॉक्टर आणला, सरपण पाठवलं. एकूण अकरा उपकार. वाचक विरघळणार याची मला खात्री होती. बहिणीला वाचायला दिलं तर ती म्हणाली, “हा नवरा होणार आहे की ग्रामपंचायत?”

चूक सापडायला वर्ष गेलं. उपकार फार झाले होते हे तर खरंच, पण खरी खोट अशी की प्रत्येक उपकार उघडउघड तिच्यासाठीच होता. मग तिला तो दिसत नाही म्हणजे ती बावळट ठरते, आणि बावळट नायिकेसाठी कुणी दोनशे पानं तळमळत नाही.

आता मी एकच कृती घेते आणि तिला दोन कारणं देते. दोन्ही खरी. क्लारा दर गुरुवारी गावातल्या वाचनालयात जाते. कादंबऱ्या तेव्हा बहुधा तीन खंडांत निघत, आणि वर्गणी भरून एकेक खंड घरी नेता येई. वाट चिखलाची. ऑक्टोबरात थॉर्न त्या वाटेवर खडी टाकून घेतो. ती विचारते तर म्हणतो, “सलगमाच्या गाड्या रुतत होत्या.” गाड्या खरंच रुतत होत्या, एक रुतलेली आपण आधी पाहिलेली आहे. क्लाराला त्या खडीत सलगमच दिसतात, यात तिची काही चूक नाही. मात्र गाड्या शंभर पावलं अलीकडेच कोठाराकडे वळतात, आणि खडी थेट वाचनालयाच्या पायरीपर्यंत गेली आहे.

हे वाचकाला सांगू नका. चौथ्या प्रकरणात गाडीचं वळण दाखवा, नवव्यात खडी. ज्याला आठवेल तो पानं उलटून मागे जाईल.

आणि क्लाराला कसं कळतं? मावशीकडून नाही. मोलकरणीकडून नाही. “मिस ग्रे, ते सगळं त्यांनी तुमच्यासाठीच केलं हो!” हे वाक्य ज्या कथेत येतं ती मी तिथेच मिटते. मी एका पावसाळी दिवशी क्लाराला त्या गाडीत बसवलं. गाडी वळली. ती मान वळवून सरळ पुढे गेलेल्या खडीकडे बघत राहिली. संवाद नाही, उसासा नाही, प्रकरण संपलं.

दुसरी अर्धी बाजू बहुतेक जण विसरतात. नायिकेला ‘भानावर आणायचं’ नसतं. कादंबऱ्या सुटल्या आणि पोरगी संसाराला लागली, ही गोष्ट आपण आजीच्या काळापासून ऐकतोय. तिच्या कल्पनाशक्तीने असं काही करायला हवं, जे त्याच्या खतावणीला जमत नाही. माझ्या कथेत त्या भिजक्या वर्षी एका म्हाताऱ्या कुळाकडे पेरायला बी उरत नाही. थॉर्न बी देऊ करतो, म्हातारा नाकारतो. थॉर्नचा हिशेब बिनचूक आहे, तरी माणूस हलत नाही. शंभर कादंबऱ्यांतल्या शंभर माणसांच्या अंगात शिरून आलेली क्लारा म्हणते, “बी देऊ नका. त्याच्याकडे मधमाश्या आहेत ना? पुढच्या वर्षीचा मध आजच विकत घ्या.” थॉर्न खतावणीत लिहितो : ‘मध, आगाऊ.’ आणि कितीतरी वेळ पान उलटत नाही.

५. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर

इंग्रजीत तेव्हाही रोजच्या बोलण्यात ‘यू’ एकच होता. जवळीक कळायची ती ‘मिस ग्रे’ची ‘क्लारा’ होण्यातून. मराठीत लिहिताना आपल्याकडे एक हत्यार जास्तीचं आहे, ते पहिल्याच नाचात बोथट करू नका. ओळख होताच एकमेकांना ‘तू’ म्हणणारे लॉर्ड आणि लेडी वाचून माझं डोकं उठतं. माझ्याकडे हा बदल एकदाच होतो, आधी तिच्याकडून, रागात, तिच्याही नकळत :

“तुम्ही हिशेब मांडता, मिस्टर थॉर्न. बेरीज जुळली की तुमचं झालं. तू एकदा तरी—”

ती थांबली. त्याने मान वर केली नाही. टाक जिथे टेकला होता तिथे शाईचा ठिपका पसरत गेला.

यानंतर तो आणखी दोन प्रकरणं ‘तुम्ही’च म्हणतो. घाई करू नका. आणि लग्नानंतर तिच्या तोंडी ‘अहो’ घालू नका, लगेच सदाशिव पेठ डोकावते.

६. नाच, मागणी, लग्न

नाच : एकच दृश्य, हातमोजे घालून, वॉल्ट्झ, म्हणजे जोडीने एकमेकांना धरून नाचायचा प्रकार, तेव्हा नवा आणि चावट समजत, खेडेगावात आणू नका.

मागणी : त्याला कविता करायला लावू नका. लग्नानंतर बायकोचा पैसा कायद्याने नवऱ्याचा होई, म्हणून लग्नाआधी करार करून तिची रक्कम राखून ठेवत. थॉर्न त्या कराराचा मसुदा तिच्यापुढे ठेवतो. हातखर्चाच्या आकड्याशेजारी समासात त्याच्या बारीक अक्षरात लिहिलेलं असतं : ‘खंड १ ते ३, एकदम.’

लग्न : तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारली जातात, मग दुपारी बाराच्या आत उरका. तिचं वय एकवीसच्या खाली असेल तर वडिलांची हरकत आधी सोडवा.

७. शेवटचा हात

खर्ड्यात ‘प्रेम’ हा शब्द शोधून मोजा. माझ्या खर्ड्यात तो चौदा वेळा निघाला. दोन ठेवले, त्यातला एक मावशीच्या लोणच्याबद्दल होता.