यशयाचा तिसरा अध्याय नीट कसा वाचायचा

बरेच जण बायबलमधलं यशया संदेष्ट्याचं पुस्तक उघडतात आणि डायरेक्ट ३:१६ वर (म्हणजे अध्याय ३, वचन १६) जातात, जिथे सीयोनच्या, म्हणजे यरुशलेमेच्या, कन्या मान ताठ करून, पैंजण वाजवत, ठुमकत चालतात, आणि मग लगेच बायकांनी नटू नये असा उपदेश सुरू. प्लीज असं वाचू नका, संदेष्ट्यावर अन्याय होतो.

सुरुवात २:६ पासून करा. पेन्सिल घेऊन जे जे उंच आहे त्याच्याखाली रेघ मारत चला. लबानोनचे गंधसरू, बाशानची ओक झाडं, डोंगर, बुरूज, तटबंदी, तार्शीशची जहाजं, सगळं खाली येणार आणि त्या दिवशी फक्त परमेश्वर उंच राहणार. दागिन्यांचं अजून नावही नाही बघा.

मग ३:१४-१५ वर थांबा, अगदी हळू वाचा. इथे वडीलधारे आणि सरदार आरोपी म्हणून उभे आहेत, द्राक्षमळा तुम्हीच खाऊन टाकला, गरिबांची लूट तुमच्या घरात आहे, असं देव त्यांना तोंडावर सांगतो. आता लगेच पुढची यादी वाचा, चंद्रकोरी, कर्णभूषणं, बांगड्या, नथी, आरसे, तलम कपडे, वीसेक वस्तू आहेत. लुटीच्या आरोपाला लागूनच ही यादी येते म्हटल्यावर हे सगळं कुठल्या पैशातून आलं हा प्रश्न पडलाच पाहिजे, माझ्या मते अख्ख्या अध्यायाची किल्ली तीच आहे. ३:२४ मधली शिक्षाही तशीच जोडीजोडीने वाचा, सुगंधाऐवजी दुर्गंधी, कमरपट्ट्याऐवजी दोरी, सुंदर केसांऐवजी टक्कल.

पुरुष सुटले असं वाटत असेल तर २२:१५ काढा. शेबना, राजवाड्याचा कारभारी, यरुशलेमेत उंचावर खडकात स्वतःसाठी कबर खोदून घेतोय, आणि देव म्हणतो तुला चेंडूसारखं गुंडाळून विस्तीर्ण देशात फेकीन, तिथेच मरशील. १० व्या अध्यायात तर अख्खं अश्शूर साम्राज्य याच गर्वासाठी सापडतं, ते देवाच्या हातातलं नुसतं हत्यार, आणि कुऱ्हाड तोडणाऱ्यापुढे फुशारकी मारते का, असा सवाल आहे तिथे.

आधी उंची शोधायची, मग त्यामागचा गुन्हा, हीच पद्धत बायबलमधल्या ओबद्या या संदेष्ट्याच्या पुस्तकावर वापरून बघा, २१ वचनांचं पुस्तक आहे, एका बैठकीत होतं. तिसऱ्या वचनात खडकाच्या कपारीत राहणारा अदोम (इस्राएलचं शेजारी राष्ट्र, याकोबाचा भाऊ एसाव याचा वंश) म्हणतो मला खाली कोण आणणार, आणि त्याचा गुन्हा शोधायला १० ते १४ वाचा, भाऊ असलेल्या याकोबावर, म्हणजे त्याच्या वंशावर, संकट आलं तेव्हा हा मजा बघत होता, माल लुटत होता, आणि पळून चाललेल्यांना वाटेत उभं राहून कापत होता.