फॅन फिरतो, पण इंजिन थंड करतो का? मोटारसायकलचा रेडिएटर फॅन असा तपासा

फॅनचा घरघर आवाज आला, गरम वारा पायाला लागला, की बहुतेक जण निश्चिंत होतात. पण फॅन चांगला आहे असं म्हणायला एवढं पुरत नाही. तो ठरलेल्या तापमानाला सुरू व्हायला हवा, पूर्ण वेगाने फिरायला हवा, वारा योग्य दिशेने ओढायला हवा आणि तापमान खाली आणून आपोआप बंद व्हायला हवा. शेवटची गोष्ट फारसं कोणी बघत नाही, आणि दोष अनेकदा तिथेच पकडता येतो.

हे सगळं कूलंट (इंजिनमधली उष्णता वाहून नेणारा द्रव) आणि रेडिएटर (तो द्रव थंड करणारी पुढची जाळी) असलेल्या गाड्यांसाठी आहे. गाडी वेगात असताना समोरच्या वाऱ्यानेच रेडिएटर थंड राहतो, त्यामुळे मोकळ्या रस्त्यावर फॅन बंद दिसला तर तो बिघाड नव्हे. फॅनची खरी गरज सिग्नलला, गर्दीत आणि चढावर रांगत जाताना लागते.

आधी गाडी चालू ठेवून

इंजिन पूर्ण थंड असताना कूलंट बघा. नुसत्या बाजूच्या कूलंटच्या टाकीवर विसंबू नका. रेडिएटरची कॅप सदोष असेल तर टाकीत पातळी बरोबर दिसते आणि रेडिएटर मात्र रिकामा असतो. म्हणून थंड इंजिनवर कॅप काढून आत डोकवा. गरम असताना कॅपला हातही लावू नका. आतलं कूलंट दाबाखाली असतं आणि झाकण सैल होताच उकळत बाहेर उडतं.

गाडी उघड्या जागेत मेन स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर लावा, न्यूट्रलमध्ये सुरू करा आणि रेस न करता तशीच चालू राहू द्या. बंद गॅरेजमध्ये हे करू नका, धुराने जीव जाऊ शकतो. बहुतेक गाड्यांत फॅन ९५ ते १०५ अंशांच्या मधे सुरू होतो आणि तापमान काही अंशांनी उतरलं की थांबतो. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा वर्कशॉप मॅन्युअलमध्ये मिळेल. फॅन किती अंशांना सुरू झाला, किती अंशांना थांबला आणि मधे किती वेळ गेला, हे दोन-तीन फेऱ्यांसाठी लिहून ठेवा. ठरलेल्या आकड्याच्या ८-१० अंश वर जाऊनही फॅन हलला नाही किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर वाट न बघता इंजिन बंद करा.

मीटरवर आकडा येत नसेल, नुसत्या कांड्या दिसत असतील, तर इन्फ्रारेड थर्मामीटर वापरा. तो चकचकीत ॲल्युमिनियमवर रोखलात तर खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवतो. थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारा व्हॉल्व्ह) घराजवळ काळ्या टेपचा तुकडा चिकटवा आणि नेम त्या टेपवर धरा.

फॅन सुरू असताना रेडिएटरच्या पुढच्या बाजूला कागद धरा. बहुतेक गाड्यांत फॅन रेडिएटरच्या मागे असतो आणि पुढून हवा ओढतो, म्हणजे कागद जाळीला चिकटला पाहिजे. कागद दूर ढकलला जात असेल तर फॅन उलटा फिरतोय. डीसी मोटरच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या की असं होतं, आणि नवीन मोटर किंवा नवा कनेक्टर बसवल्यावर ही चूक सर्रास सापडते. मग गाडी चालू लागली की समोरचा वारा आणि फॅनचा वारा एकमेकांना अडवतात.

फॅन फिरलाच नाही तर

लगेच नवीन मोटर मागवू नका. मोटरपासून मागे मागे तपासत गेलं की उगाच पार्ट बदलावे लागत नाहीत.

चावी बंद करा, फॅनचा कनेक्टर काढा आणि पातं हाताने फिरवा. ते अडखळत असेल, खरखरत असेल किंवा कव्हरला घासत असेल तर बेअरिंगमध्ये चिखल-पाणी गेलंय किंवा ब्रॅकेट वाकलाय. कनेक्टर न काढता बोटं घालू नका. काही मॉडेलमध्ये चावी बंद केल्यावरही फॅन थोडा वेळ चालतो, तर काहींत तो अचानक सुरू होतो.

आता १० ॲम्पियरचा फ्यूज मधे टाकलेल्या वायरने फॅनला थेट बॅटरीचा करंट द्या. फॅन क्षणात पूर्ण वेगावर गेला पाहिजे. काडीने ढकलल्यावरच फिरत असेल तर कार्बन ब्रश किंवा कम्युटेटर (मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे भाग) झिजलाय. असा फॅन आज चालेल आणि ऐन गर्दीत दगा देईल, म्हणून तो बदलाच. फ्यूज लगेच उडाला तर मोटर जाम आहे किंवा आत शॉर्ट आहे.

थेट करंटवर फॅन नीट फिरला, तर दोष फ्यूज, रिले (छोट्या करंटवर चालून फॅनचा मोठा करंट जोडणारा स्विच), स्विच किंवा वायरिंगमध्ये. फ्यूज नुसता बघून सोडू नका, मल्टिमीटरने कंटिन्युइटी (करंट आरपार जातो का) तपासा. रिलेसाठी सोपा उपाय म्हणजे त्याच गाडीतला त्याच नंबरचा दुसरा रिले तिथे लावून बघणे. रिलेचा टक् आवाज येतो पण फॅन फिरत नाही, म्हणजे आतले पॉइंट जळलेत किंवा पुढची वायर तुटलीय.

जुन्या गाड्यांत रेडिएटरवर दोन वायरींचा थर्मो स्विच (ठरलेल्या तापमानाला आपोआप जोडला जाणारा) असतो. त्याचा कनेक्टर काढा, दोन्ही टोकं वायरच्या तुकड्याने जोडा आणि चावी चालू करा. फॅन फिरला तर स्विच खराब असण्याची शक्यता मोठी. पण तो फेकण्याआधी काढून गरम करून तपासा. इथे एक गफलत होते: स्विच पाण्यात टाकून उकळतात आणि तो जोडला जात नाही म्हणून बाद करतात. उघड्या भांड्यातलं पाणी १०० अंशांच्या वर जातच नाही, मग १०५ चा स्विच जोडला जाणार कसा? निम्मं पाणी आणि निम्मं, पाणी न मिसळलेलं (कॉन्सन्ट्रेट) कूलंट घ्या. स्विच भांड्याच्या तळाला टेकू न देता लोंबकळत ठेवा आणि शेजारी थर्मामीटर धरा. भांडं स्वयंपाकाचं नको. कूलंट विषारी असतं, चवीला गोडसर असल्याने जनावरंही ते चाटतात. सांडलेलं लगेच पुसा.

नव्या गाड्यांत फॅन ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) चालवतो. इथे तापमानाच्या सेन्सरचा कनेक्टर काढून चावी लावली की बऱ्याच मॉडेलमध्ये ईसीयू खबरदारी म्हणून फॅन सुरू करतो आणि इंजिनचा दिवा लागतो. फॅन फिरला तर मोटर, रिले आणि वायरिंग ठीक. नाही फिरला तर लगेच निष्कर्ष काढू नका, सगळ्या मॉडेलमध्ये ही सोय नसते.

वायरिंग तपासताना फॅन जोडलेला आणि चालू असतानाच कनेक्टरच्या मागून व्होल्टेज मोजा. आकडा बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी नको. कनेक्टर सुटा ठेवून मोजलं तर फसगत होते: वायरीतली तांब्याची एकच तार शाबूत असली तरी मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, पण फॅन जोडला की ती तार तेवढा करंट वाहू शकत नाही. पिनांवर हिरवट थर दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. अर्थिंगचा बोल्टही उघडून घासा.

फॅन चालतो, तरी तापमान उतरत नाही

अशा वेळी मोटर बदलून काहीच साधत नाही. रेडिएटरच्या पट्ट्यांत चिखल आणि किडे अडकलेत का बघा. पाणी मागून पुढे, साध्या पाइपने सोडा. प्रेशर वॉशरने पट्ट्या आडव्या पडतात आणि पाणी मोटरमध्ये शिरतं. वरचा होज चटका देतो आणि खालचा थंडच, तर थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला असेल. स्विच रेडिएटरवर असेल तर अशा वेळी फॅनही लागत नाही, कारण गरम कूलंट तिथवर पोचतच नाही. नुकतंच कूलंट बदललं असेल तर हवा अडकल्याची शंका घ्या. सेन्सरभोवती हवेचा फुगा राहिला की त्याला खरं तापमान कळत नाही.

उलट, चावी लावताच थंड इंजिनवर फॅन सुरू होत असेल तर रिलेचे पॉइंट चिकटलेत, स्विच अडकलाय किंवा सेन्सरचा कनेक्टर सुटलाय.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठा फ्यूज कधीही टाकू नका. फ्यूज वायरिंग वाचवण्यासाठी असतो. तो उडाला नाही तर पेट्रोलच्या टाकीखालचा हार्नेस (वायरींचा जुडगा) वितळतो. जोडणी करताना फॅनची वायर एक्झॉस्टच्या नळीपासून लांब बांधा आणि मग गाडी पुन्हा गरम करून फॅनच्या दोन पूर्ण फेऱ्या बघा.