तुरीचा भुंगेरा शेतातूनच घरात येतो

तुरीची मळणी चालू आहे, हरभराही महिन्याभरात खळ्यावर येईल. अशा वेळी एकच विनंती आहे: पोती थप्पीला लावण्याआधी आठ दिवस साठवणीतलं कडधान्य पोखरणाऱ्या भुंगेऱ्याला रोखण्यासाठी राखून ठेवा. दाण्याला भोक दिसल्यावर धावपळ करण्यात अर्थ नसतो. ते भोक म्हणजे आत वाढलेला भुंगेरा बाहेर पडल्याची खूण आहे, तोवर त्याची एक पिढी पूर्ण झालेली असते.

“आमची कोठी स्वच्छ होती, मग कीड आली कुठून?” हे मला दरवर्षी ऐकायला मिळतं. बरेचदा ती शेंगेबरोबर आलेली असते. शेंगा वाळायला लागल्या की भुंगेऱ्याची मादी उडत शेतात येते आणि वाळत्या शेंगेवर किंवा उकललेल्या शेंगेतल्या दाण्यावर अंडी चिकटवते. म्हणून पक्व झालेलं पीक शेतात ताटकळत ठेवू नका. मागच्या वर्षीची किडकी तूर, न झटकलेलं बारदान, कणगीच्या फटीतला चुरा हे सगळं नवा माल घरात येण्याआधीच हलवा. जुन्या मालातले भुंगेरेच नव्यावर जातात.

हा किडा म्हणजे तांदूळ-गव्हातला सोंड्या नव्हे, याला सोंड नसते. मादी साधारण ८० ते १०० अंडी घालते. अंडं दाण्यावर पांढऱ्या ठिपक्यासारखं दिसतं. चार-सहा दिवसांत अळी अंड्याच्या तळातूनच थेट दाण्यात शिरते, त्यामुळे बाहेर काहीच कळत नाही. आतला गर खात ती वाढते, सालीखाली गोल खिडकी कोरते आणि तिथेच कोषात जाते. उन्हाळ्याच्या उबेत हे सगळं साधारण चार आठवड्यांत उरकतं. बाहेर आलेला भुंगेरा दहा-बारा दिवस जगतो. त्याला खायला काही लागत नाही, अंडी घालणं हेच त्याचं काम. एका जोडीपासून प्रत्येक पिढीत फक्त ४० जगले आणि त्यातल्या निम्म्या माद्या धरल्या, तरी तिसऱ्या पिढीत आकडा १६,००० वर जातो. मार्चमध्ये बरी वाटणारी तूर जूनमध्ये पेरणीला का चालत नाही, याचं उत्तर या हिशेबात आहे.

वाण बदलून हा त्रास टळेल का, असंही विचारतात. बीएसएमआर ७३६ या वाणाची तूर मर आणि वांझ रोगाला तोंड देते, पण ती ताकद भुंगेऱ्यापुढे चालेल असं समजू नका. निसर्गात प्रतिकार आहे, पण तो दुसरीकडे आहे. राजम्याच्या दाण्यात एक प्रथिन असतं, ते अळीच्या पोटातलं स्टार्च पचवणारं विकर (एन्झाइम) बंद पाडतं, म्हणून आपल्याकडचा हा भुंगेरा राजम्यावर पोसत नाही. ऑस्ट्रेलियात त्या प्रथिनाचं जनुक वाटाण्यात घातलं होतं. वाटाण्यातली कीड मेली, पण उंदरांमध्ये ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया दिसल्यावर २००५ मध्ये काम थांबवलं. मादागास्करच्या रानमुगातही चांगला प्रतिकार सापडला आहे. आपल्या घरात इतकंच पाहता येतं की गुळगुळीत, पातळ सालीच्या काबुली हरभऱ्याला खरबरीत सालीच्या देशी हरभऱ्यापेक्षा कीड लवकर लागते. काबुली जास्त दिवस ठेवू नका.

आता कामाचं. दाणा आधी कडक वाळवा, ओलावा १० टक्क्यांच्या आत हवा. दाताखाली ‘कट्’ वाजला पाहिजे. मग कडक उन्हात काळ्या प्लॅस्टिकवर बोटभर जाडीचा थर पसरा, वरून पारदर्शक प्लॅस्टिक टाका आणि चारही कडा दगडांनी दाबा. आत ५७ अंश तापमान तासभर टिकलं तर अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत सगळं मरतं. दाण्याच्या आतली अळीसुद्धा सुटत नाही, हा या उपायाचा मोठा गुण आहे. भर दुपारचे दोन-तीन तास द्या. पूर्ण थंड झाल्यावरच भरा, गरम भराल तर आत घाम सुटेल. बियाणं असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासा.

भरताना हवाबंद पिशवी किंवा घट्ट झाकणाचा ड्रम वापरा आणि काठोकाठ भरा. भुंगेऱ्याची अळी लागणारं पाणी दाण्यातल्या अन्नापासून, प्राणवायूच्या मदतीनं, आपल्याच शरीरात तयार करते. हवा संपली की ते पाणी थांबतं, खाणं थांबतं आणि ती सुकून मरते. म्हणून “जरा बघू” म्हणत झाकण उघडू नका, निदान दोन महिने तरी.

ड्रम नसेल तर घरच्या तुरीला किलोमागे ५ मिली खाद्यतेल चोळा, अंडी त्यात गुदमरतात. मडक्यात भरलेल्या मुगावर चार बोटं कोरड्या वाळूचा थर द्या, आजीच्या हातची ही पद्धत अजून खरी आहे. खायची तूर लवकर भरडून डाळ केली तरी बराच धोका टळतो.

गॅसच्या गोळ्या मात्र राहत्या घरात कधीही ठेवू नका. शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसांचे जीव त्यानं गेले आहेत. ते काम परवानाधारक माणसाकडूनच, माणसांपासून दूरच्या गोदामात करून घ्या.

हवाबंद न केलेला माल असेल तर महिन्यानं एकदा पोत्यात हात घालून मूठभर दाणे काढा आणि उजेडात पांढरे ठिपके शोधा. दिसले, तर त्याच दुपारी पुन्हा ऊन द्या.